डाव्या नळीवरचा डाग

३ फेब्रुवारी १९७१, बुधवार

ही डायरी दाजींनी दिली. कारखान्याची, गेल्या सालची, पहिली चार पानं सोडली तर कोरी. छापलेल्या वारात एक मिळवायचा, की आजचा वार. देताना म्हणाले, "सदाभाऊ, कुठं कुठं हिंडता ते लिहून तरी ठेवा. पोलिसांना उपयोगी पडंल." दाजी विनोद करून हसत नाहीत, त्यामुळं कळत नाही.

आक्काकडं येऊन आज अकरा दिवस. दोन दिवसांसाठी आलो होतो. श्रीगोंद्याच्या पुढं पाटाला पाणी आहे, चहूकडं ऊस, गुऱ्हाळांचा वास. माणूस हलत नाही इथनं. राजूरला हिरड्याची पोती ट्रकात भरायचं काम आहे म्हणतात. तिकडं डोंगर आहेत. जाणार.

दाजी उद्या कारखान्याच्या जीपनं कोल्हापूरकडं निघणार, उसाचं नवीन बेणं बघायला. आठ दिवस. फटफटी घरी राहणार. मला हुकूम: रोज सकाळी स्टँडवर लावून सुरू करायची, पाच मिनिटांनी बंद. "चालवायची न्हाई. नुसती जागी करायची."

४ फेब्रु., गुरुवार

जीप सहाला आली. जाताना दाजींनी फटफटीला एक चक्कर मारली, देवळाला मारतात तशी. धोतराच्या जुन्या तुकड्यानं दोन्ही सायलेन्सर पुसले. दोन आहेत तिला, एक डावीकडं, एक उजवीकडं, लांबच लांब, शेवटाला माशासारखे निमुळते. तोंड दिसतं त्यात. सायलेन्सर लिहायला फार अक्षरं लागतात. इथून पुढं नळी.

जागी केली. झोपवली.

आक्का भाकरी थापत होती. तव्याकडं बघतच म्हणाली, "सद्या, तुला ही चालवता येती?"

म्हटलं, येते. सुप्याला कंपाउंडरच्या फटफटीवर शिकलोय.

"मागं मानूस बसवून?"

म्हटलं, पोतं बसवून येते, माणसाचं काय.

भाकरी करपली.

५ फेब्रु., शुक्रवार

भाकरी का करपली ते आज कळलं. थोरल्या भावाचं कार्ड आलंय गावाहून, आठ दिवस झाले. आक्कानं ते तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आता दाराचा उजेड तेवढा कळतो. पुढच्या महिन्यात नगरला शिबिर आहे, ऑपरेशन फुकट. पण आबा म्हणतात, कौसा पंधरा दिवस येऊन राहिली तर जातो, नाहीतर आहे ते बरं आहे. डोळ्यांवर पट्टी असताना मी तिच्याच हातचं खाईन. आई गेल्यापासून आबा असे झालेत. आक्काचं नाव कौसल्या हे फक्त आबांच्या लक्षात आहे.

कार्ड दाजींना दाखवलं का, असं मी विचारलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की—

झालं होतं असं. गेल्याच्या गेल्या दिवाळीला दाजी नवी फटफटी घेऊन आमच्या गावी आले. गावात पहिलीच. पारावर चाळीस माणूस जमलं. आबांनी तिच्याभोवती फिरून बघितलं, टायर दाबून बघितलं, आणि म्हणाले, "बरी हाय. चारा लागत न्हाई. पन शेणबी देत न्हाई."

लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. दाजी चहा न घेता परत गेले. तेव्हापासून सव्वा वर्ष झालं, ते तिकडं नाहीत, आक्काला पाठवणं नाही. आबांनीही निरोप धाडला नाही. जावयाला काय म्हणायचं, मी चुकलो? आबा बैलालासुद्धा असं म्हणणार नाहीत.

आक्का म्हणते, एकदा डोळ्यानं बघून येते. त्यांना उजेड तरी कळतोय तोवर. म्हणजे उद्या.

दाजींना कळलं तर माहेर कायमचं बंद. हे तीच म्हणाली. मी नुसतं लिहितोय.

६ फेब्रु., शनिवार

दमलोय पण लिहितो.

सगळी भीती दाजींच्या आईची होती. आक्का त्यांना आत्याबाई म्हणते, मी मावशी. सकाळी मावशी ओट्यावर चंची सोडून पान लावत बसल्या होत्या. फटफटी ढकलत बाहेर काढली तर मावशी म्हणाल्या, "आज मला कायबी दिसत न्हाई आन् ऐकूबी येत न्हाई. सांजच्याला परत दिसाया लागंल." आणि चुना लावत बसल्या.

मी पाटाच्या पुलापर्यंत ढकलत नेली. आक्का उसाच्या कडेनं पायी आली. हातात दुरडी, म्हणजे कुणी विचारलं तर शेताला. पुलाच्या पलीकडं दोन्ही पाय डावीकडं टाकून बसली, एक हात माझ्या खांद्याला, एक दुरडीला. पायात नव्या रबरी सपाता, पांढऱ्या, निळ्या पट्ट्यांच्या. माहेरी जायचं म्हणून पहिल्यांदाच घातलेल्या.

बेलवंडीपर्यंत गप्प होती. भ्याली असेल म्हणून मी हळू घेतली. मग कानाशी म्हणाली, "सद्या, अजून जोरात जाती का रं?"

जाते की.

पुणे रस्त्याला लागल्यावर गाणं म्हणत होती. माझी बहीण गाणं म्हणते हे मला माहीत नव्हतं. मधे म्हणाली, पायाला ऊब लागतीय, बरं वाटतं. सकाळची थंडी होती. मीही ठीक आहे म्हटलं. पुढं जळक्या रबराचा वास आला. मी म्हटलं कुणीतरी टायर पेटवलंय शेकायला. ती म्हणाली, कसली मानसं, टायर जाळत्यात.

आठला निघालो, दहाला गावात. उतारावर वळलो आणि घर दिसलं. आबा अंगणात उभे. फेटा बांधून. तांबडा, आक्काच्या लग्नातला. घाईत बांधलेला, एक शेव खांद्यावर लोंबत होता. तोंड जरा चुकीच्या बाजूला, गोठ्याकडं. हात जोडून म्हणाले,

"या जावईबापू. लई दिवसांनी आवाज आला."

मी इंजिन बंद केलं. एवढी शांतता मी कधी ऐकली नाही. आबा, मी आहे असं म्हणायला पाहिजे होतं. वर्षभरानं घरी गेलेला मुलगा आणि नाव सांगायची चोरी.

आक्कानं दुरडी ठेवली, जाऊन त्यांचे पाय धरले. आबांनी वाकून तिचा हात चाचपला, मनगट, बांगड्या, मनगटावरचं गोंदण. "कौसे," म्हणाले. मग तोंड वर करून, "आन् ते?"

"कामात हायेत. आम्हास्नी फटफटी दिली."

खोटं बोलली. आबांना कळलं असावं. फेटा काही सोडला नाही. वहिनीनं पिठलं भाकरी केली, तरी फेटा डोक्यावर. दोन तास तिचा हात धरून बसले. मधेच मला म्हणाले, "तू कोन, सदा व्हय? वाळलाय का रं? दिसत न्हाई मला." म्हटलं, नाही आबा.

निघताना फटफटीपाशी आले. हात फिरवून टाकी चाचपली. स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "शेण देत न्हाई. पन हाक देती."

येताना आक्का बेलवंडीपर्यंत रडत होती. पुढं नाही. पुलाशी उतरली, तेव्हा चालताना डावा पाय चिकटल्यासारखा. सपात उलटी केली. टाचेला खोबण पडलेली, बोटभर. मग दोघांनी एकदम नळीकडं बघितलं.

डाव्या नळीवर मागच्या बाजूला काळा चट्टा. पोळीएवढा नाही, पुरीएवढा. वर थोडा पांढरा, थोडा निळा. त्यात सपातेच्या तळव्याच्या रेघासुद्धा उमटल्यात.

७ फेब्रु., रविवार

दाजींना तो पहिल्या मिनिटाला दिसणार. आणि डाव्या बाजूला आहे. पुरुष माणूस दोन्हीकडं पाय टाकून बसतो, त्याची टाच लागली तर दोन्हीकडं लागेल. नुसती डावीकडं लागली म्हणजे बाई बसली होती. एवढं आमच्या गावच्या म्हशीलाही कळेल.

नखानं निघत नाही. राख आणि लिंबू: हात स्वच्छ झाले. चिंच: नळी आजूबाजूला चकाकली, त्यामुळं डाग जास्त उठून दिसतो. रॉकेल: वरचा निळा गेला, काळा तसाच. ब्लेड आणलं. एकदा ओढलं तर केसाएवढा ओरखडा. आक्कानं ब्लेड हिसकून घेतलं. म्हणाली डाग एक वेळ परवडला, ओरखडा त्यांना मरेपर्यंत दिसंल.

मावशींना परत दिसाया लागलंय. ओट्यावरून म्हणाल्या, "शेण लावून बघा." आक्का आधी दचकली, मग हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत. दाजी कुणावर गेलेत ते कळलं.

८ फेब्रु., सोमवार

आज चूक झाली. माझी.

सकाळी श्रीगोंद्याला निघालो होतो, मिस्त्रीला विचारायला. वाटेत गुऱ्हाळ. काहिलीत रस उकळत होता. म्हटलं एक पेला रस घ्यावा. गुळव्या एकटाच होता, म्हणाला जरा झारा धर, मळी काढ. धरला. मग पाक कधी उतरवायचा ते बघितलं. पाण्यात थेंब टाकून बोटानं गोळी वळते का बघतात. वळली की उतरवायची, क्षणभर उशीर झाला तर गूळ काळा. मग गूळ वाफ्यात ओतला. मग गरम गूळ खाल्ला. वर बघितलं तर ऊन कलतं.

आक्का दारात उभी. मी गुळाची ढेप पुढं केली. तिनं घेतली नाही. म्हणाली, "सद्या, तू कुठंबी गेलास तरी तुला परत यायला घर हाय. मला एकच हाय, आन् त्याला एकच दार."

जेवलो नाही. ती म्हणाली जेव. मग जेवलो.

९ फेब्रु., मंगळवार

रस्त्यात कुठंही न बघता गेलो. अस्वलवाला होता, तरी नाही बघितलं.

कासमभाई एसटी स्टँडच्या मागं पंपाची इंजिनं दुरुस्त करतात. वेल्डिंगही तेच. मी मित्राची फटफटी, मित्राची सपात असं सांगायला लागलो. त्यांनी हात पुसत सगळं ऐकून घेतलं. विचारलं, कुठली नळी? म्हटलं डावी. "मग मित्राचं नाव नको सांगू," म्हणाले.

शेजारच्या सायकलवाल्यानं पॉलिश कागद पुढं केला, घासून काढ म्हणाला. कासमभाई त्याच्यावर खेकसले. कागदानं वरचा मुलामा जातो, मग गंज. मग मला म्हणाले, थंड नळीवर किती घासलं तरी हात दुखतील. "गरम असताना चिकटलं ना? मग गरम असतानाच निघंल. गाडी चालू कर, नळी तापू दे. रबर मऊ झालं की उचलायचं. पण लोखंड लावू नको. तांबं लाव. तांबं मऊ असतं, नळीला दुखवत नाही. जोर करायचा नाही. सुटत नसंल तर अजून तापव."

पैसे विचारले. म्हणाले, सांगण्याचे नाही घेत.

परत येताना ट्रकवाला भेटला, राजूरला जाणारा. आठवड्यानं परत फेरी आहे, येतोस का म्हणाला. येतो म्हटलं.

१० फेब्रु., बुधवार

निघाला.

घरात तांब्याची वस्तू बारीक कडेची पाहिजे. घंगाळाला कडा गोल. देवाची पळी आक्का देईना, रबर लागंल म्हणाली. मावशींनी चंचीच्या दोरीला बांधलेला पैसा सोडून दिला. मधे भोक पाडलेला, राणीच्या का राजाच्या वेळचा, तांब्याचा. चाळीस वर्षं चंचीला आहे म्हणतात. कडा झिजून चाकूसारखी झालेली.

फटफटी गोठ्यामागं नेऊन सुरू केली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नळीवर पाण्याचा थेंब टाकला, चुर्र झाला. (गुळव्याची अक्कल. आक्काला सांगितलं नाही.) बंद केली. पैसा आडवा धरून कडेनं नुसता ढकलला. डाग साय निघावी तसा गोळा झाला. आक्कानं रॉकेलच्या चिंधीनं पुसलं. परत सुरू, परत गरम, परत पैसा. चार वेळा. बोटं भाजली माझी दोन, तिची एक. शेवटी राखेनं घासली, मग पाणी, मग दाजींचाच धोतराचा तुकडा.

आरसा. आक्कानं वाकून तोंड बघितलं त्यात. पदर नीट केला.

मग नळीपाशीच बसून राहिली. मी म्हटलं आता काय? म्हणाली, "गेलते याची तेवढीच खूण हुती."

हे मला सुचलंच नव्हतं. आबा फेटा बांधून उभे राहिले, ते दाजींसाठी. आणि ते दाजींना कधीच कळणार नाही, कारण आम्ही गेलोच नव्हतो.

१२ फेब्रु., शुक्रवार

कालचं काही लिहिण्यासारखं नाही. वाट बघितली.

दाजी चार वाजता आले. हातपाय धुतले, चहा घेतला, बेण्याचं सांगितलं, कोल्हापूरकडं गूळ पिवळा असतो वगैरे. मग फटफटीकडं गेले. एक चक्कर. मी जोंधळा निवडत होतो, म्हणजे हातात घेऊन बसलो होतो. डावीकडं उभे राहिले. उजवीकडं गेले. परत डावीकडं आले. मग घरात येऊन म्हणाले भूक लागली.

जेवताना आक्काला विचारलं, "अनवाणी का फिरतीस? सपाता आणल्या हुत्या ना?"

टोचतात म्हणाली. बरं म्हणाले.

झोप येणार नाही असं वाटतं.

१३ फेब्रु., शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळी हाक आली, "सदाभाऊ, हिकडं या." दाजी फटफटीपाशी उकिडवे बसलेले. "ही उजवी बघा." बघितली. धुळीची, जरा पिवळट, बऱ्यापैकी. "आता ही डावी बघा."

बघितली. लखलखीत. आम्ही फक्त डावी घासली होती.

"एका गालाची दाढी केलेला मानूस कसा दिसतो?"

मी उजवीवरची धूळ बोटानं पुसली.

"कोन बसलं हुतं?"

म्हटलं मित्र. श्रीगोंद्याचा.

"दोन्ही पाय एकीकडं टाकून? लुगडं नेसतो का मैतर?"

तेवढ्यात दारातून आवाज आला. आक्का, हात पिठाचे. "मी बसले हुते. आबाकडं गेलते. त्याला काय बोलू नका, मीच म्हनले चल."

दाजींनी वर बघितलं नाही. धोतराचा तुकडा घेऊन डावी नळी पुसायला लागले. पुसण्यासारखं काही नव्हतं तिथं. मावशींचं अडकित्त्याचं वाजणं थांबलं.

एवढ्या दिवसांत मला एक गोष्ट नीट करता आली असेल तर ती पुढची. मी खाली बसलो त्यांच्या शेजारी आणि सांगितलं. आबांना दिसत नाही. आवाज ऐकून ते आत गेले असतील आणि फेटा शोधून बांधून आले असतील. हात जोडून उभे होते, गोठ्याकडं तोंड करून. म्हणाले, या जावईबापू.

पुसणं थांबलं.

"फेटा बांधला हुता?"

"व्हय."

"कंचा?"

"तांबडा. तुमच्या लग्नातला."

परत पुसायला लागले. बराच वेळ. मी उठावं की बसावं कळेना. मग आबा टाकीवर हात फिरवून काय म्हणाले तेही सांगितलं. शेण देत न्हाई, पन हाक देती.

"असं म्हनले?"

"व्हय."

"चाळीस मानसात?"

"न्हाई. एकटेच. फटफटीला म्हनले."

उठले. मला वाटलं आता आक्काकडं जातील, काहीतरी बोलतील, चांगलं किंवा वाईट. ते ओट्याकडं वळले. "आई, तो चंचीचा पैसा दे. उजवी ऱ्हायलीय."

मावशींनी पैसा दिला. कडेला अजून काळं होतं. काल संध्याकाळीच बघितला असणार त्यांनी. घरातले तिघं मिळून आपल्याला फसवतायत हे रात्रभर माहीत असून माणूस घोरत होता.

उजवी नळी त्यांनी एकट्यानं घासली. थंडच. उगाच.

१४ फेब्रु., रविवार

सकाळी उठलो तर फटफटी नाही, दाजी नाहीत. कुणाला काही बोलले नाहीत. आज कारखान्याला सुट्टी.

दुपारपर्यंत आक्का ठीक होती. मग म्हणाली, "विकायला तर न्हेली नसंल?" मी म्हटलं छे. पण मलाही तेच वाटत होतं. त्या फटफटीपायी दोन वेळा त्यांचा पाणउतारा झाला, एकदा आबांकडून, एकदा आमच्याकडून. मावशी म्हणाल्या, त्यानं बायको इकली तरी फटफटी इकणार न्हाई. आक्का म्हणाली, आत्याबाई, तुमचा आधार असतोय हं मला.

दिवेलागणीला आवाज आला. तिघंही दारात.

फटफटीला डावीकडं, नळीच्या जरा खाली आणि बाहेर, लोखंडी पट्टी बसवलेली. वीतभर रुंद, हातभर लांब, जाड पत्र्याची, वर आडव्या खाचा म्हणजे पाय घसरू नये. वेल्डिंग कासमभाईंचं, ओळखलं मी. दोन पाय शेजारी शेजारी मावतील एवढी.

आक्का म्हणाली, "हे काय?"

"पाय ठेवाया."

"कुनाचा?"

"ज्याच्या सपाता जळत्यात त्याचा." आणि आत जाऊन चूळ भरायला लागले.

बस. माहेराचं नाव नाही, आबांचं नाव नाही. जेवताना उसाच्या खोडव्याबद्दल बोलले.

नंतर मी पाणी प्यायला उठलो तर आक्का अंगणात फटफटीपाशी उभी. एका हातानं सीट धरलेली, एक पाय उचलून पट्टीवर ठेवलेला, अनवाणी. नुसता ठेवलेला. मी आलो म्हणून काढला. मी परत गेलो, पाणी न पिता.

१५ फेब्रु., सोमवार

आक्कानं थोरल्याचं कार्ड दाजींच्या सदऱ्याच्या खिशात घातलं, सकाळी, इस्त्रीच्या घडीत दिसेल असं. ते सदरा घालून कामावर गेले. संध्याकाळी आले, सदरा खुंटीला. आक्कानं खिसा चाचपला. कार्ड नाही. फेकलं का ठेवलं माहीत नाही. विचारायची टाप नाही.

तिनं विळ्यानं सपातेची खोबण तासून सपाट केली. आता एक सपात जरा पातळ. चालताना डावीकडं किंचित झुकते. घालून बघितली, दोनदा.

मी उद्या निघणार. ट्रकवाल्याचा निरोप आला, नऊला रस्त्यावर उभं राहा. आक्कानं राहा म्हटलं नाही. गुळाची ती ढेप माझ्या पिशवीत घातली. मावशींनी पान दिलं. दाजींना सांगितलं तर म्हणाले, "डायरी भरली का?" म्हटलं थोडी. "शुद्ध लिवा," म्हणाले.

१६ फेब्रु., मंगळवार

ट्रकात लिहितोय, अक्षर हलतंय.

साडेआठला घर सोडलं. दाजी तेव्हा सदरा घालत होते, रोजचाच. आक्का चुलीपाशी, पण लुगडं रोजचं नव्हतं. का मला तसं वाटलं. वळून नीट बघायला पाहिजे होतं. माझं असंच होतं, वेगळीकडंच बघतो. दाराशी मावशी होत्या, म्हणाल्या, "ये परत, नळी घासाया."

श्रीगोंद्याच्या रस्त्याला येऊन उभा राहिलो. इथनं पाटाचा पूल दोन हाकांवर, पण मधे ऊस, पुरुषभर. दिसत काही नाही. थोड्या वेळानं घराकडून फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला. एक किक, दोन किक, लागली. बराच वेळ नुसती उभी फटफटत होती, रोजच्यापेक्षा जास्त वेळ. मग निघाली. आवाज जड वाटला. मागं कुणी बसलं की आवाज बसतो. पण वाराही होता आज.

पुलापर्यंत नीट ऐकू आली. पुलावरनं डावीकडं कारखाना, उजवीकडं बेलवंडी. तिथं गिअर पाडला. मी डोळे मिटून घेतले, कळावं म्हणून.

नेमका तेव्हाच ट्रकवाल्यानं मागून येऊन हॉर्न दिला. गाडी थांबवूनही लांबच लांब दिला, वर म्हणतो, झोपला का रं उभ्या उभ्या?

हॉर्न संपला तेव्हा नुसता ऊस.

आबा इथं असते तर सांगितलं असतं कुणीकडं वळली ते.

उजवीकडं वळली असेल तर दोन तास. आम्हाला दोन लागले होते. दाजी सावकाश चालवतात, अडीच धरू. म्हणजे साडेअकराच्या सुमाराला आबांना उतारावर आवाज येईल. फेटा खुंटीला असतो, आतल्या खोलीत, दारापासनं आठ पावलं.

नगर मागं पडलं. ड्रायव्हरच्या हाताला घड्याळ आहे. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणाला, तुला काय कुणाला गोळी द्यायचीय का ठरल्या वेळेला? म्हटलं तसंच काहीतरी.

अकरा वीस.